कागद कच्चे असतील तर घर महागच पडते

धुळ्याचा आग्रा रोड असो की जळगावचे फुले मार्केट, चार व्यापारी गादीवर बसले की हल्ली एक विषय हमखास निघतो. जुने घर पुरत नाही. मुलांची लग्ने झाली, दोन खोल्यांत तीन संसार थाटले गेले, गल्लीत रिक्षा शिरत नाही, आजारी माणसाला उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावे लागते. घर बदलायचे आहे, पण हातात रक्कम थोडी आहे. मग प्रश्न येतो, "बँक किती देईल आणि पदरचे किती घालावे लागतील?"

माझे मत असे की आपली अडचण रकमेची कमी आणि कागदाची जास्त आहे. आपण उत्पन्न कागदावर कमी दाखवतो, घराची किंमतही कागदावर कमी दाखवतो, आणि या दोन्हींची भरपाई शेवटी आपल्याच खिशातून रोखीने करतो. बोलणे कडू आहे, पण तीस वर्षे कापडाच्या धंद्यात जे पाहिले तेच लिहीत आहे.

बँकेचा नियम काय आहे?

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ही मर्यादा ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के आहे. म्हणजे आपल्या खान्देशात मध्यम कुटुंब जे घर घेते, त्याला पदरचे दहा टक्के असले तरी कायद्याने दार उघडे आहे. बँकेला ९० टक्के द्यावेच लागतात असे मात्र नाही. ती माणूस पाहते, कागद पाहते आणि मग ठरवते.

शिवाय दहा टक्के म्हणजे सगळा खर्च नव्हे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यांना बँक साधारणपणे कर्जात धरत नाही. घराची किंमत १० लाखांच्या आत असेल तरच हा खर्च किमतीत मिळवण्याची सवलत रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये दिली. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के पडते, नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. राहते घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर २०२१ पासून मुद्रांकात १ टक्क्याची सूट आहे. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घरावर लागत नाही.

लपवलेल्या किमतीचा हिशोब

आता एक हिशोब मांडतो. वाचकांनी आपल्या वहीत मांडून पाहावा.

घर २५ लाखांचे आहे. पूर्ण किंमत खरेदीखतात लिहिली. बँकेने ९० टक्के म्हणजे २२ लाख ५० हजार दिले. आपले अडीच लाख, मुद्रांक दीड लाख, नोंदणी २५ हजार, बँकेचा वकील, मूल्यांकन आणि फाईलचा खर्च अंदाजे २५ हजार. एकूण पदरचे साडेचार लाख.

आता दुसरी पद्धत, जी आपल्याकडे जास्त चालते. मालक म्हणतो, "कागदावर १७ लाख लिहू, बाकी ८ लाख रोख द्या." आपणही खुश होतो की मुद्रांक वाचला. परंतु बँक १७ लाखांच्या ९० टक्के म्हणजे १५ लाख ३० हजारच देणार. मग पदरचे ९ लाख ७० हजार, अधिक मुद्रांक १ लाख २ हजार, नोंदणी १७ हजार आणि वरचा खर्च २५ हजार. एकूण ११ लाख १४ हजार.

वाचले किती? मुद्रांकात ४८ हजार, नोंदणीत ८ हजार, मिळून ५६ हजार. आणि रोखीने जास्त उभे करावे लागले ६ लाख ६४ हजार. ही रक्कम कुठून येते ते आपण सर्व जाणतो. बायकोचे सोने, दुकानाचे भांडवल किंवा शेकडा दोनने देणारा खासगी सावकार. सहा लाखांवर शेकडा दोन म्हणजे महिन्याला १२ हजार नुसते व्याज, मुद्दल जागच्या जागी. शिवाय रेडी रेकनरचा दर १७ लाखांहून जास्त निघाला तर मुद्रांक त्या जास्त किमतीवरच भरावा लागतो, म्हणजे ते ५६ हजारही पूर्ण वाचत नाहीत. आणि घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याने २०१५ पासून मना आहे. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. उद्या तेच घर आपण विकायला काढू तेव्हा खरेदी १७ लाखांची धरली जाईल आणि त्या ८ लाखांवर नफ्याचा कर आपल्याच माथी येईल.

कित्येक बांधव म्हणतात की मालक रोख घेतल्याशिवाय घर देतच नाही. हे खरे आहे. पण मग हे घर २५ लाखांचे नाही, आपल्यासाठी ते त्याहून महाग आहे, एवढे समजून भावाची घासाघीस करावी. मालकाची सोय आपण आपल्या भांडवलाने करून देत आहोत, याचा मोबदला त्याने भावात दिला पाहिजे.

लपवलेल्या उत्पन्नाचा हिशोब

दुसरा कच्चा कागद आपल्या उत्पन्नाचा. बँक व्यापाऱ्याकडे दोन-तीन वर्षांची आयकर विवरणे मागते. साधारणपणे दाखवलेल्या उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत हप्ता बसला पाहिजे असे धरते. ९ टक्के दराने २० वर्षांच्या कर्जाला लाखामागे हप्ता साधारण ९०० रुपये येतो. वर्षाचे उत्पन्न ४ लाख दाखवले असेल तर महिन्याचे ३३ हजार, त्याचे निम्मे साडेसोळा हजार, म्हणजे कर्ज सुमारे साडेअठरा लाख. तोच व्यापारी खरे ६ लाख दाखवत असेल तर कर्ज साडेसत्तावीस लाखांपर्यंत जाते. २५ लाखांच्या घरासाठी पहिल्या माणसाला पदरचे चार लाख जास्त घालावे लागतात.

आणि हे लपवून त्याने कर किती वाचवला? काहीच नाही. १९९८ मध्ये करमुक्त उत्पन्न ५० हजार झाले, तोवर ते त्याहूनही कमी होते. त्या काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी उत्पन्न झाकण्याची सवय लावली आणि ती आपल्याला वारशाने मिळाली. परंतु नव्या करपद्धतीत २०२३-२४ पासून ७ लाखांपर्यंत आणि २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो. ज्या करासाठी आपण उत्पन्न झाकतो, तो कर आपल्यापैकी बहुतेकांना लागतच नाही. सवय मात्र राहिली आहे, आणि तिची किंमत आपण घर घेताना मोजतो.

लहान व्यापाऱ्यांसाठी उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून वा मोबाइलवरून आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा धरून विवरण भरण्याची सोपी सोय आहे. आपले लोक हा आकडा जणू ठरलेलाच समजतात. तो किमान आकडा आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो. मी खोटे वाढवून दाखवा असे म्हणत नाही. खरे आहे तेवढे दाखवा, आणि घर घेण्याच्या तीन वर्षे आधीपासून दाखवा. ऐन वेळी एकाच वर्षी उत्पन्न दुप्पट केले तर बँकेचा माणूस हसतो आणि फाईल बाजूला ठेवतो.

इसार देण्याची घाई

माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. धुळ्याहून जळगावला त्याने रेडिमेड कपड्यांचा धंदा हलवला. भाड्याच्या घरात दोन वर्षे काढली आणि मग एक घर पसंत पडले. २४ लाखांत सौदा झाला. मला फोन आला, "मामू, दोन लाख इसार देऊन आलो. घर हातचे जाईल म्हणून थांबलो नाही." मी विचारले, "बेटा, बँकेला कागद दाखवलेस का?" तो म्हणाला, "मालक म्हणतो कागद साफ आहेत."

बँकेच्या वकिलाने तीस वर्षांचा सर्च काढला. प्लॉट शेतजमिनीचे तुकडे पाडून स्टॅम्प पेपरवर विकलेला, बिनशेती नाही, गुंठेवारीत नियमितही केलेला नाही. कर्ज नामंजूर झाले. मालक म्हणाला, मुदतीत खरेदी केली नाही, इसार बुडाला. सौदापावतीत बँकेच्या कर्जाचा एक शब्दही नव्हता. वर्षभर चकरा मारून पन्नास हजार परत मिळाले. दीड लाख गेले ते गेलेच. ते दीड लाख म्हणजे त्याच्या दुकानातील एका सीझनच्या मालाचे पैसे होते.

म्हणून माझे सांगणे आहे की क्रम उलटा करा. आधी बँकेत जाऊन आपल्या उत्पन्नावर किती कर्ज बसते ते ठरवून घ्या. मग घर पाहा. घराचे कागद बँकेच्या वकिलाला दाखवा, आणि मगच इसार द्या. इसार चेकने किंवा खात्यातून द्या आणि सौदापावतीत एक ओळ लिहून घ्या की कागदांच्या दोषामुळे कर्ज नाकारले गेले तर इसार पूर्ण परत मिळेल. जो मालक ही ओळ लिहायला तयार नाही, त्याला आपल्या कागदांची पक्की माहिती आहे असे समजावे.

आपल्या कित्येक वस्त्या गुंठेवारीत वसल्या आहेत. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ मध्ये तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू करण्यात आला. असे घर घ्यायचेच असेल तर आधी मालकाला नियमित करून द्यायला सांगा. नव्या इमारतीत फ्लॅट घेत असाल तर प्रकल्प महारेरात नोंदलेला आहे का पाहा. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "अर्धे आता द्या, करारनामा नंतर करू" असे कोणी म्हणाला तर तिथून उठून यावे.

जुन्या घराचे कागद

घर बदलणाऱ्याकडे एक जुने घर असते, आणि तेच विकून नव्याची रक्कम उभी करायची असते. पण जुने घर अनेकदा दादांच्या नावावर असते. दादांचे निधन होऊन तीस वर्षे झाली, वारस नोंद नाही, चार चुलते, सहा आत्या, त्यांची मुले. घरात राहणारा भाऊ समजतो की घर माझे आहे. सौदा ठरतो, आणि घेणाऱ्याच्या बँकेचा वकील विचारतो, "बहिणींच्या सह्या कुठे आहेत?"

बहिणींचा हिस्सा बँकेने विचारल्यावर आठवावा, ही आपल्यासाठी शरमेची गोष्ट आहे. तो हिस्सा आधीच ठरवा, हक्कसोड घ्यायची असेल तर राजीखुशीने आणि नोंदणी करून घ्या, आणि विक्रीच्या रकमेतून हिस्सा वजा करूनच नव्या घराचा हिशोब मांडा. अनेकांची "थोडी रक्कम" या हिशोबानंतर आणखी थोडी होते, पण ती स्वच्छ असते.

जुने राहते घर विकून झालेल्या नफ्यावरचा कर, ती नफ्याची रक्कम ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात घातली तर माफ होतो. घर विकण्याच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांच्या आत खरेदी, अथवा तीन वर्षांच्या आत बांधकाम, अशी ती मुदत आहे. विक्री करण्यापूर्वीच कर सल्लागाराला विचारून ठेवावे.

दुकानाला हात लावू नका

पदरची रक्कम जास्त घातली तर हप्ता कमी बसतो, हे गणित कोणीही सांगेल. साडेबावीस लाखांच्या कर्जाला ९ टक्क्यांनी २० वर्षांत हप्ता २० हजार २४४ रुपये. पाच लाख जास्त भरले तर हप्ता साडेचार हजारांनी उतरतो. नोकरदार माणसाने जमेल तेवढे जास्त भरावे. व्यापाऱ्याचे तसे नाही. त्याचे पाच लाख तिजोरीत नसतात, मालात असतात.

२००९ साली मी हीच चूक केली. रमजानच्या दोन महिने आधी दुकानातून चार लाख काढून घरात घातले. ईदचा माल भरायला पैसा उरला नाही, उधारीवर माल महाग मिळाला, आणि गिऱ्हाईक शेजारी गेले. शेजारी गेलेले गिऱ्हाईक परत यायला तीन ईद लागल्या. घराचा हप्ता थोडा कमी झाला खरा, पण ज्या दुकानातून तो भरायचा तेच दुकान बारीक झाले.

तेव्हा व्यापाऱ्याने कमी रक्कम भरून कर्ज घेणे चुकीचे नाही. मात्र दोन अटी पाळाव्यात. पहिली अट, हप्ता मंदीच्या महिन्यात झेपला पाहिजे. आपला बाजार कापूस आणि केळीच्या पैशावर चालतो. ईद, लग्नसराई, आखाजी, दिवाळी यांत गल्ला भरतो, आणि भर पावसाळ्यात माशा मारत बसावे लागते. बँकेचा हप्ता पावसाळा पाहत नाही. म्हणून सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात ठेवूनच कर्जावर सही करावी. एवढी रक्कम ठेवता येत नसेल तर घर एक वर्ष लांबवावे.

दुसरी अट, सीझनला हात मोकळा झाला की मुद्दलात भरणा करावा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी भरणा केला तर दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ पासून मनाई केली आहे. वरच्याच कर्जात सुरुवातीला २० हजारांच्या हप्त्यातील जवळपास १७ हजार व्याजातच जातात. दरवर्षी ईदनंतर ५० हजार जास्तीचे मुद्दलात भरत गेले तर २० वर्षांचे कर्ज १३ ते १४ वर्षांत फिटते. व्यापाऱ्याच्या चालीला हीच पद्धत बसते.

व्याजाचा प्रश्न

इथवर वाचून काही बांधव म्हणतील की हे सगळे व्याजाचेच आहे. त्यांचे म्हणणे बरोबर आहे आणि मी आलिम नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमांना आपली परिस्थिती खरी सांगून विचारावे. भारतात बिनव्याजी बँकेची सोय व्हावी अशी शिफारस रघुराम राजन समितीने २००८ मध्ये केली होती, परंतु २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा विषय पुढे न नेण्याचे ठरवले. ब्रिटनमध्ये बँक घर स्वतः विकत घेऊन मग कुटुंबाला विकते त्या पद्धतीत मुद्रांक दोनदा लागत असे. तिथे २००३ मध्ये कायदा बदलून तो एकदाच केला. आपल्याकडे तसा कायदा नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की जो बँकेच्या नऊ टक्क्यांपासून परहेज करतो, त्याने खासगी सावकाराच्या वर्षाला चोवीस टक्क्यांपासूनही तेवढाच परहेज करावा. आणि ज्याला कर्ज घ्यायचेच नाही, त्यालाही साफ कागद आणि खरी किंमत यांची गरज तेवढीच आहे.

कारागिरांसाठी

शिंपी, यंत्रमागवाले, मेकॅनिक यांच्याकडे विवरणपत्रे नसतात. त्यांनी आजपासून रोजची कमाई खात्यात भरण्याची सवय करावी आणि उद्यम नोंदणी करून घ्यावी. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी घेतलेल्या २५ लाखांपर्यंतच्या कर्जात पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान आहे, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. मोठी अट अशी की कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्के घर नसावे. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. वडिलांच्या घरात राहणाऱ्या विवाहित मुलाने म्हणूनच चौकशी जरूर करावी.

घरासाठी रक्कम साठवताना जास्त व्याजाच्या लोभाने ती कुठेही ठेवू नये. जळगावच्याच भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेवर २०१५ मध्ये अवसायक नेमला गेला आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. बँकेतील ठेवीला, सहकारी बँक धरून, २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवीला तो नाही.

आणि शेवटी, आपल्यातील माझ्यासारखे अनेक जण उर्दू शाळेत शिकले. बँकेचे इंग्रजी कागद न वाचता आपण सही करतो. ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने कर्जाचे मुख्य मुद्दे, म्हणजे दर, फी, हप्ता आणि एकूण खर्च, कर्जदाराला समजेल अशा भाषेत एका तक्त्यात देणे बंधनकारक आहे. तो तक्ता मराठीत मागा, घरी आणा, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला वाचायला सांगा, आणि दुसऱ्या दिवशी सही करा.

भाचा आता पुन्हा घर पाहतो आहे. या वेळी त्याने आधी तीन वर्षांची विवरणे नीट भरली, मग बँकेत गेला. घर अजून मिळालेले नाही. पण या वेळी इसार त्याच्याच खिशात आहे, आणि दुकानात ईदचा माल भरलेला आहे.